इकडील सर्व खुशाल

"आबा, बर्फात तुमी दोन नंबरला कुठं जायचात?"

प्रश्न विचारून झाल्यावर भामाने जीभ चावली नाही की मान खाली घातली नाही. वही मांडीवर नीट ठेवली, पेनाचं टोपण काढलं आणि आजोबांच्या तोंडाकडे बघत बसली. पैजच तशी लागली होती. इतिहासाच्या सरांनी नववीच्या वर्गाला 'आपल्या गावचा माजी सैनिक' असा प्रकल्प दिला होता, आणि सारजाने नि तिच्या दोघी मैत्रिणींनी भामाला भरीला घातलं होतं, की पहिला प्रश्न हाच विचारायचा, दुसरा नाही. विचारला तर आठवडाभर टँकर आल्यावर भामाच्या घागरी त्या तिघी भरून देणार. भामा असल्या गोष्टीला माघार घेणारी नव्हती. पटावर सत्यभामा असं भारदस्त नाव असलेली ही पोरगी दीड महिन्यापूर्वी बीडला वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती, आणि तेव्हापासून शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत कुणापुढेही तिची जीभ अडखळत नव्हती.

रामकिसन आबांनी एकदा उघड्या वहीकडे बघितलं. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले, आणि हसता हसता त्यांची टोपी मांडीवर पडली. शेजारच्या दावणीचा बैलसुद्धा वैरण चघळायचा थांबला.

"कुणी शिकवलं गं हे तुला?"

"सारजीनं. पैज हाय."

"मग लिही. तुज्या सरालाबी कळू दे."

दोघं बसली होती ती जनावरांच्या छावणीत. दूध संस्थेने फेब्रुवारीतच नदीच्या कोरड्या पात्रालगत छावणी उघडली होती. सहाशे जनावरं, वर हिरव्या जाळीचं छत, आणि प्रत्येक दावणीशी त्या घरचं एखादं माणूस. आबा आणि भामाचे वडील गहिनीनाथ दोन महिने इथेच मुक्कामाला होते, दोन बैल, एक गाय आणि एक कालवड सांभाळत. शाळा सकाळची झाल्यामुळे दुपारी भाकरी पोचवायचं काम भामाकडे होतं.

आबा सांगू लागले. एकाहत्तरची लढाई संपली आणि त्यांची तोफखान्याची तुकडी कारगिलच्या अंगाला वर गेली. तिथे संडास म्हणजे तुपाचा पंधरा किलोचा डबा, वरून कापलेला, आणि बाजूला चार दगड. बंकरपासून त्या डब्यापर्यंत एक दोरी बांधलेली असे. बर्फाचं वादळ सुटलं की दहा पावलांवर माणूस हरवायचा, म्हणून दोरी धरून जायचं आणि दोरी धरूनच यायचं. केजकडचा एक गडी घाईत दोरी सोडून गेला, तो दोन तासांनी भलत्याच तुकडीच्या भटारखान्यात सापडला, एका हातात पँट धरलेला. तिथल्या लोकांनी त्याला आधी शत्रूच समजलं होतं.

भामा हसून हसून आडवी झाली. मग उठून तिने सगळं लिहून काढलं, पँटीसकट.

अंघोळ महिन्यातून एकदा, तीही साहेब तपासणीला येणार असला तर. अंगात उवा. माणशी दिवसाला दोन मग पाणी, आणि तेही बर्फ वितळवून. त्यासाठी रॉकेल जाळायचं, आणि रॉकेल पाठीवर वाहून आणायचं.

"म्हणजे इथल्यासारखंच की," भामा म्हणाली.

"तिथं वितळवायला बरफ तरी हुता," आबा म्हणाले.

तिने पानावर उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडले होते. आबा, अण्णा, भैय्या. एकाच घरातले तीन फौजी, असा प्रकल्प वर्गात दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं. अण्णा म्हणजे तिचे वडील, सतरा वर्षं नोकरी करून नाईक म्हणून घरी आलेले. ते तेवढ्यात उसाच्या वाढ्याची मोळी खांद्यावर घेऊन आले, तर तिने त्यांनाही बसवून घेतलं. त्यांच्या वेळी बंकरात टीव्ही आला होता, कोट बरे मिळत होते, आणि रविवारी ट्रक खालच्या बाजारात जायचा. तिथे एसटीडीचं दुकान, आणि दुकानापुढे जवानांची ही लांब रांग. दोन तासांनी नंबर लागला की काचेच्या खोलीत शिरायचं, आणि समोरच्या मीटरवर लाल आकडे पळताना बघत बोलायचं. डोळे आकड्यावर असले की बायकोशी काय बोलणार, अण्णा म्हणाले, आणि मोळी सोडायला लागले.

भैय्याचा रकाना भामाला विचारावा लागला नाही. बद्रीनाथ, तिचा मोठा भाऊ, लडाखकडे कुठेतरी होता. नेमकं कुठे ते सांगायची परवानगी नव्हती, पण जेवला काय ते रोज कळायचं. त्याच्याकडे पिसांचा कोट होता, काजू-बदामाची पाकिटं होती, पेटवलं की गरम होणारे हातमोजे होते. आणि गेल्या वर्षापासून तिथे मोबाईलला रेंज आली होती. रोज चारच्या सुमाराला त्याचा व्हिडिओ कॉल. टँकर आला का, किती वाजता आला, कालवडीचा पाय बरा झाला का, छावणीत पेंड मिळते का, सगळं तो तिथून विचारायचा.

शेवटची ओळ होती, 'घरची खबर कशी मिळे'. भामाने आबांच्या रकान्यात लिहिलं, पत्र. अण्णांच्या रकान्यात, फोन. भैय्याच्या रकान्यात, 'रोज, प्रत्यक्ष पाहून' असं लिहायला गेली आणि तिचं पेन थांबलं.

कारण भैय्याला रोज जे दिसत होतं ते भामानेच मांडून ठेवलेलं होतं.

पाण्याचं काम घरात भामाचं होतं. टँकर यायचा आणि गावच्या विहिरीत पाणी सोडून जायचा, मग वीस-पंचवीस बादल्या एकदमच खाली पडायच्या. ज्याचा दोर आधी वर आला त्याचं पाणी. भामा त्यात पटाईत होती. पण ज्या दिवशी ती स्पर्धेला बीडला गेली, त्या दिवशी पाण्याला भैय्याची बायको रतनवहिनी गेली. तिला पाचवा महिना होता. माय छावणीत भाकरी द्यायला गेलेली, घरात थेंब नव्हता, आणि टँकर दोन दिवसांनी आला होता. ओल्या दगडावर पाय सरकला. विहिरीत नाही पडली, बाहेरच्या बाजूला पडली, खडीच्या ढिगावर. उठून बसली, घागर सावरली, दोन बायका हसल्यासुद्धा. संध्याकाळी तिला गेवराईला दवाखान्यात नेलं तेव्हा पोटात काही उरलं नव्हतं.

भामा सातच्या एसटीने गावात उतरली होती. स्टँडपासून घरापर्यंत ती ढाल डोक्यावर धरून पहिला नंबर, पहिला नंबर असं ओरडत आली होती. दाराला कुलूप होतं.

अण्णांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं, की बद्रीला यातलं काही कळता कामा नये. मे महिन्यात तो सुट्टीवर येईल, समोर बसवून सांगू. तोवर फोनवर सगळं चांगलं. मायने मान हलवली. वहिनी भिंतीकडे तोंड करून झोपली होती, तिला कुणी विचारलं नाही. आणि भामाने, खरं सांगायचं तर, हे काम अंगावर ओढूनच घेतलं. आपण त्या दिवशी पाण्याला नव्हतो, हे तिला रात्रंदिवस टोचत होतं. निदान एवढं तरी नीट करू. वहिनीला उजेडाकडे तोंड करून बसवायचं, पावडर लावायची, कोपऱ्यातल्या रिकाम्या टाक्या दिसणार नाहीत असा मोबाईल धरायचा. वहिनी गप्प पडली की आपण मध्येच तोंड घालून शाळेतली गंमत सांगायची. भैय्या हसायचा आणि वेळ निघून जायची. पहिले चार दिवस तर भामाला आपल्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

पाचव्या दिवशी भैय्या म्हणाला, उभी राहा की, पोट बघू दे. वहिनीने भामाकडे पाहिलं, भामाने मायकडे पाहिलं, आणि भामाने रेंज गेल्यासारखं करून फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी मायने आबांच्या जुन्या धोतराच्या चार घड्या करून वहिनीच्या साडीआड खोचल्या. तेव्हापासून दर आठवड्याला एक घडी वाढत होती.

आणि कालचा फोन. भैय्या दिवस मोजत होता, त्याच्या हिशेबाने सातवा लागला होता. शनिवारी डोहाळजेवण करा, तो म्हणाला, चार वाजता, हिरवी साडी नेसवून. मी येऊ शकत नाही, पण बघणार. एकटा नाही, आमचे सगळेच बघणार. सुभेदारसाहेबांनी परवानगी दिलीय, भटारखान्यात शिरा होणार आहे. मागून पोरांचे आवाज येत होते, भाभीजी, भाभीजी करून. कुणीतरी थाळी वाजवत होतं. माय म्हणाली, करू की.  वहिनी हसत होती. महिनाभर ती तसंच हसत होती, बटण दाबल्यासारखं. भामाचा हात हलला, तर भैय्या म्हणाला, "भामे, फोन नीट धर, बायको हलतीय माझी."

आज गुरुवार होता. सकाळी मायने भामाला बजावलं होतं, की शेजारच्या सरस्वतीबाईच्या सुनेची हिरवी साडी मागून आण. कशाला ते सांगू नको.

"काय गं, थांबलीस कावून?" आबांनी विचारलं.

भामाने वही मिटली. "तुमाला पत्रात सगळं खरं कळायचं का हो आबा?"

आबांनी बैलापुढची वैरण सारखी केली. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली ती तिला नाही, बैलालाच सांगितल्यासारखी.

बहात्तरच्या दुष्काळात भामाची आजी, बायनाबाई, चकलांब्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. कडेला झोळीत सात महिन्यांची चंद्रभागा. आबांची पहिली लेक, अण्णांच्याही आधीची. भामाने हे नाव घरात कधी ऐकलंच नव्हतं. पौषात चंद्रभागेला हगवण लागली आणि ती तिथेच, रस्त्याच्या कडेला गेली. आबा तेव्हा वर बर्फात. त्यांच्या वडलांनी बायनाबाईला सांगितलं, पोराच्या हातात बंदूक हाय, त्याला कळवायचं न्हाई. बायनाबाईला लिहिता येत नव्हतं. गावात पत्रं लिहायचे ते सोसायटीचे सेक्रेटरी मोहनराव. सोसायटीचं टेबल त्यांचं, अक्षरही सुंदर. तर मोहनरावांना सांगण्यात आलं, पहिल्यासारखंच लिहा.

"मोहनराव मानूस वाईट न्हवता," आबा म्हणाले. "हौशी हुता. दर महिन्याला कार्ड यायचं. इकडील सर्व मंडळी खुशाल. नि खाली पोरीचं चार ओळी. त्यानं तिला दात आनले. चालायला शिकवली. एका पत्रात लिवलं, बाबा कुठं गेले म्हनून इचारती. मेलेल्या लेकराला त्यानं बोलायला शिकवलं, भामे."

बंकरात सात जण होते. कुणाचं पत्र आलं की ते मोठ्याने वाचायचं, असा रिवाजच होता, कारण सगळ्यांना पत्रं येत नसत आणि दुसरी करमणूक नव्हती. आबा वाचायचे, सहा जण ऐकायचे. चंद्रभागा सगळ्या तुकडीची झाली. एका मद्रासी गड्याने तिच्यासाठी फळीच्या लाकडाचा हत्ती कोरला, चार रात्री बसून. तो हत्ती घेऊन आबा सप्टेंबरात सुट्टीवर आले. आठ महिने होऊन गेले होते.

"तुजी आजी दारात उभी. म्या हत्ती दावला. ती म्हनली, कुनाला आनला? तवाच कळलं. पुढं कुनी काय सांगायची गरजच पडली न्हाई."

"मग?"

"मग काय. रजा संपली, परत गेलो. बंकरात पोरं इचारायला लागली, हत्ती आवडला का तिला. म्या सांगितलं, आवडला. त्यांस्नी काय सांगू?"

भामाचे डोळे भरून आले, पण तिच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. तिला आठवलं, की आजी वारली तेव्हा अण्णा पूंछकडे होते, आणि त्यांना ते उशिरा कळलं, असं घरात कधीतरी कुणीतरी बोललं होतं. तेव्हा अण्णांचा एसटीडीवरून फोन आला की इकडे कोण उचलायचं, तिने विचारलं.

"म्या," आबा म्हणाले. "सोसायटीत फोन हुता. दर रविवारी जाऊन बसायचो. त्यो इचारायचा, आई कुठाय. म्या सांगायचो, रानात गेलीय. तीन रविवार."

"तुमच्यावर एवढं बेतलं, आन् तरी तुमी? कावून आबा?"

"तिकडं असलं की वाटतं, सांगावं. इकडं आलं की वाटतं, झाकावं. मी तवर इकडचा झालतो."

अण्णा मागे उभे होते. वाढं तोडायचा कोयता त्यांच्या हातात होता, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

"आबांनी केलं ते बरोबरच केलं," ते म्हणाले. "तुला काय म्हाईत हाय गं? आमच्या तुकडीत एक पोरगा हुता, तुज्या भैय्याच्याच वयाचा. तवा मोबाईल नवे नवे आलते. घरून कायतरी कळलं, फोन ठिवला, रायफल घेऊन पाहाऱ्याला गेला. पाहारा बदलायला गेलेल्याला त्यो सकाळी सापडला. म्या उचललाय त्याला. ते वक्तृत्व शाळेत कर."

"आन् तुमाला आजीचं कळलं तवा?"

"मला काय झालं? हाय ना जिता." ते वळले आणि दावणीकडे गेले. कोयत्याचे घाव जरा जास्तच जोरात पडू लागले.

आबा खाली बघत हळूच म्हणाले, "दोन वर्सं माझ्याशी बोलला न्हवता त्यो."

त्या संध्याकाळी भामा साडी घेऊन घरी आली. मोरपंखी काठाची, दुसऱ्याच्या पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास येणारी. चारचा फोन होऊन गेला होता. तिने जाताना मोबाईल खिडकीत विटेला टेकवून, कोन जुळवून ठेवला होता, मायने तेवढ्यावर निभावून नेलं होतं. वहिनी माजघरात बसून साडीआडची घडी काढत होती. आता ती जाड झाली होती, एका हाताने निघत नव्हती. धोतर उलगडून तिने ते परत नीट घडी घालून फडताळात ठेवलं, जसे आपण रोजच्या वापरातले कपडे ठेवतो.

भामाने साडी बाजूला टाकली, तिच्याजवळ बसली आणि आजीचं, चंद्रभागेचं, त्या कार्डांचं आबांकडून ऐकलेलं सगळं तिला सांगितलं. महिनाभर ती वहिनीच्या तोंडाला पावडर लावत होती, पण तिला काही विचारलं नव्हतं.

"वहिनी, माझ्यामुळं झालं. मी न्हवते पाण्याला."

"तुमच्यामुळं न्हाई ताई. पाण्यामुळं." वहिनी एवढंच म्हणाली.

"शनिवारचं काय करायचं?"

"करायचं. मामंजी म्हनतात ते." मग आवाज न चढवता ती बोलू लागली. गावात कुणापुढे रडायचं तर बाया म्हणतात, जवान बाई हाय, व्हईल दुसरं. आईकडे जावं तर ती ऊसतोडीला गेलेली, पाडव्यानंतर येणार. सासूबाई रडू देत नाहीत, कारण डोळे सुजले तर फोनमध्ये दिसतात. "ज्याचं हुतं त्याच्यापुढंच रडता येतं ताई. मला रोज त्यांचं तोंड दिसतंय, एवढं जवळ. आन् मी हसते. त्यांची आजी तरी सुटली, तिला कार्डावर तोंड न्हवतं दावावं लागत."

वक्तृत्वात पहिली आलेली भामा उठली आणि पावडरचा डबा फडताळात मागे सारून आली.

शुक्रवारी भाकरी घेऊन ती छावणीत गेली ती घाईने. अण्णा पेंडीच्या रांगेत होते. तिने आबांना सरळ विचारलं, की अण्णा म्हणतात तसा पोरगा होता हे खरं, पण फौजेत कुणाच्या घरी कुणी मेलं तर सांगतच नाहीत का? नेमकं कसं सांगतात?

आबांनी सांगितलं. तार आली की ती आधी सुभेदाराच्या हातात जायची. सुभेदार त्या गड्याला पोस्टवरून खाली बोलवायचा, काहीतरी निमित्त काढून. रायफल जमा करून घ्यायचा. चहा पाजायचा. दोन जुने गडी सोबत बसवायचा आणि मग सांगायचा. ते दोघं तीन दिवस त्याला एकटं सोडायचे नाहीत, डब्यावर जाताना सुद्धा. "तार आलेली पोरं रडली, पडली, पन सावरली," आबा म्हणाले. "आमाला तार करनारंच कुनी न्हवतं."

"भैय्याच्या सुभेदारसाहेबांचा नंबर माझ्या फोनात हाय. अडचणीला म्हणून त्यानंच दिलता. तुमी बोलता का?"

आबांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "माज्यानं न्हाई व्हायचं. तेवढं धाडस असतं तर गहिनीनाथाला सोसायटीतल्या फोनवरच सांगितलं असतं." आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवत, "तुला करायचं तर कर. मी आडवा येनार न्हाई. पर मला म्होरं करू नको."

भामाला त्यांचा राग आला. एवढा राग तिला आबांचा कधीच आला नव्हता. काल यांच्या हत्तीसाठी आपण रडलो, ती मनात म्हणाली, आणि रिकामा डबा उचलून तरातरा चालू लागली. अर्ध्या वाटेत राग निवला आणि त्या जागी भीती बसली. समजा अण्णांचं खरं ठरलं तर? समजा सुभेदारसाहेब त्या वेळी जागेवर नसले, समजा भैय्या चहा न पिताच उठून चालू लागला? मग आयुष्यभर हेच टोचणार, की ती पाण्यालाही नव्हती आणि हेही तिनेच केलं. ती बाभळीखाली थांबली. समोर त्यांच्याच वाळलेल्या उसाचं रान होतं, मुळासकट जळालेलं. भैय्याला ते अजून उभं आहे असंच माहीत होतं, कारण कॉलच्या वेळी रानाकडची मागची खिडकी लावायची असं तिनेच ठरवलं होतं.

उन्हं कलली तेव्हा अण्णा घरी आले. शनिवारच्या तयारीसाठी मायने निरोप पाठवून बोलावलं होतं. ओसरीवर माय तांदूळ निवडत होती, हिरव्या बांगड्यांचं खोकं शेजारी होतं. शेजारच्या कुणाकुणाला बसवायचं आणि त्या बायांची तोंडं कशी बंद ठेवायची, याची दोघांची बोलणी चालली होती. चार बाया पुरे, अण्णा म्हणत होते, आणि फोन दहा मिनिटांच्या वर चालवायचा नाही. माय म्हणाली, ओटी भरताना रतनचा हात थरथरला तर? अण्णा म्हणाले, भामा फोन जरा लांब धरील. वहिनी आतल्या दारात उभी राहून ऐकत होती.

भामा समोर येऊन उभी राहिली. वहीतलं फाडलेलं एक पान तिच्या हातात होतं.

"अण्णा, माय, ऐका. बाया बोलावू नका. मी उद्या फोन धरणार न्हाई."

"मग कोण धरंल?" माय तांदळातून मान वर न करता म्हणाली.

"कुणीच न्हाई. सकाळी नऊ वाजता मी सुभेदारसाहेबांना फोन लावणार हाय. हिंदीत काय बोलायचं ते लिवून काढलंय. आधी भैय्याची रायफल काढून घ्या म्हणणार, दोन जुनी माणसं त्याच्याजवळ बसवा म्हणणार, मग खरं सांगणार. त्यांनी त्याला खाली आणून बसवलं की वहिनी फोन घेऊन आतल्या खोलीत जाईल, एकटी. साडीआड काय खोचायचं न्हाई, पावडर लावायची न्हाई. ती जेवढा वेळ रडंल तेवढा वेळ आपण तिघं बाहेर उन्हात बसायचं."

अण्णा उठून उभे राहिले होते.

"मारायचं असलं तर आत्ताच मारा," भामा म्हणाली. "नऊ वाजता मी फोन लावणार म्हंजी लावणार."